कूल डाऊन

नासक्या मासोळीचा वास आला की तलावाच्या पाळीवरचा तो मांडव आठवतो. उद्घाटनाला पहिली मासोळी मत्स्य खात्याच्या साहेबांच्या हातून तोलायची, म्हणून आम्हा बायांना भरल्या टोपल्यांसह सकाळपासून उन्हात बसवलं होतं. साहेबांचा पत्ता नाही, तिकडे मूल गावचा बाजार उठत आलेला. मांडवात पंख्याखाली बसलेल्या बाबूला मी म्हटलं, "भाऊ, मासोळी नासून राह्यली. जाऊ द्या आमाले." मोबाईलवरून मान न उचलता तो म्हणाला, "आजी, कूल डाऊन." "म्हंजे काय?" "थंड व्हा." मी अख्खी टोपली त्याच्या पायाशी उपडी केली. "आधी हिले थंड कर!" आता मी चिडले की नातही "कूल डाऊन" म्हणते. तिला सांगते, "उन्हात ये, मंग सांग."