प्लेटचा मार्क

जुन्या बाजारात, पुस्तकांच्या गठ्ठ्यात मला एक एचिंग मिळालं. नदी, घाट, दोन नावा. मेण लावलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघा ओढायच्या, पत्रा आम्लात बुडवायचा, रेघांत शाई भरायची आणि त्यावर ओला कागद ठेवून यंत्रात दाबायचं. पत्र्याची कडा कागदात रुतते, चित्राभोवती खोलगट चौकोन उमटतो, इंग्रजीत प्लेट मार्क. कुठलंही एचिंग हातात आलं की मी आधी तो शोधते. इथे तो होता.

फ्रेम करायला आई बरोबर आली. येताना घरातली जुनी फ्रेम घेऊन आली. ती लहान निघाली.

"कडंचा कागद काढतो, बसतंय मग," फ्रेमवाले काका म्हणाले. त्यांनी चित्रावर स्टीलची पट्टी दाबली. पट्टी चौकोनाच्या आत होती.

अनोळखी माणसांसमोर माझं मराठी अडखळतं. तरी म्हणाले, "काका, नको. तिथे प्लेटचा मार्क आहे."

त्यांनी वाकून पाहिलं. "व्हय की. कुणीतरी नाश्त्याची प्लेट ठिवली आसंल. त्योच जातोय बघा आता."

"नाही, तो... पाहिजे."

"डाग पायजे?" ते आईकडे बघून हसले.

"इंग्लिश मिडियम," आई म्हणाली, आजाराचं नाव सांगावं तशी. "कापा तुम्ही."

कटर कोपऱ्यावर टेकला. चर्र झालं. मला इंग्रजी शब्दच सुचत होते, एकामागून एक, सगळे निरुपयोगी. मी डावा हात पट्टीवर ठेवला, थेट कटरच्या वाटेत.

"ओ ताई, बोट जाईल की."

हात न काढता मी त्यावरचं घड्याळ सोडलं. घट्ट पट्ट्याखाली कातडी दबली होती.

"याला काय म्हणतात?"

"वळ," आई म्हणाली.

"कागदावरपण वळ आहे. पत्रा दाबल्याचा. तो गेला तर हे हाताने छापलंय हे कशावरून कळणार?"

काकांनी कागदावरून अंगठा फिरवला. "वळच हाय. मग प्लेट प्लेट काय लावलं होतं?" त्यांनी कटर बाजूला ठेवला. "पर ही फ्रेम न्हाय चालायची."

आईने फ्रेम पिशवीत टाकली. कागदाच्या एका कोपऱ्यात कटर चौकोनाच्या रेघेत नखभर शिरला होता. मी तिला दाखवलं नाही.

रिक्षात तिने फ्रेमची पिशवी पायाशी ठेवली. मग माझं मनगट ओढून पाहत म्हणाली, "इतकं घट्ट कशाला बांधतेस?"