शनिवारचा खटला

"नाऊ, हिज साइड," असं म्हणत मॅडम टेबलाच्या डावीकडची खुर्ची उचलायच्या आणि उजवीकडं ठेवायच्या. डावीकडं बसून ज्या मुलानं कुणावर तरी तावातावानं आरोप केलेला असायचा, त्यालाच मग उजवीकडं येऊन बसावं लागे आणि ज्याच्यावर आरोप केला त्याच्या वतीनं बोलावं लागे. तेही 'मी' म्हणून, आणि तेही इंग्रजीत. चुकलं तरी चालेल, थांबायचं नाही. बोलणारा खरं बोलतोय की रचून, हे कुणी विचारायचं नाही. दोन्ही बाजू झाल्या की वर्गानं शिक्षा ठरवायची. असा त्यांचा शनिवारचा तास असे.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट आहे. बारामतीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात आम्ही दोघं अकरावीला इंग्रजी शिकवत होतो. मी 'अ' तुकडीला, त्या 'ब' तुकडीला. मी कायम, त्या तासिका तत्त्वावर, म्हणजे कॉलेजच्या मनात असेल तोवर. त्यांचं गाव इंदापूर तालुक्यात, कळंबच्या बाजूला. जळोचीला खोली घेऊन राहायच्या आणि सायकलवरून यायच्या. इंग्रजी असं बोलायच्या की ऐकत राहावं, आणि मराठी थेट गावाकडची. "मॅडम, निदान स्टाफरूममध्ये तरी 'आहे' म्हणत जा," असं मी एकदा सुचवलं. "हाय ते हाय, सर," त्या म्हणाल्या आणि डबा उघडून जेवायला लागल्या.

तुमच्याही आसपास असं एखादं माणूस असेल. आपल्याच धंद्यातलं, आपल्यापेक्षा वयानं लहान, आपल्याशी अगदी नीट वागणारं. त्यानं आपलं काही वाकडं केलेलं नसतं. तरी त्याचं चाललेलं बघून घास गोड लागत नाही. तर मी मॅडमवर जळत होतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला बरं पडेल.

त्या येण्यापूर्वी बारामतीत इंग्रजी म्हणजे मी होतो. माझ्या नोट्स झेरॉक्स होऊन पार बावड्यापर्यंत फिरायच्या. अकरावीच्या पुस्तकात गुन्हा आणि शिक्षा या विषयावर एक धडा होता. तो शिकवताना मी फळ्यावर मधोमध रेघ ओढायचो. एका बाजूला फाशी असावी, दुसऱ्या बाजूला फाशी नसावी. दोन्हीकडं सारखे मुद्दे, खाली समारोप. मुलं उतरवून घ्यायची, पाठ करायची, पेपरात लिहायची, मार्क मिळवायची. बोलायचं मात्र कुणी नाही. 'एनी क्वेश्चन?' म्हटलं की सगळा वर्ग मान खाली घालून पेनाचं टोपण काढायचा आणि लावायचा. मुलांना विषय समजला की अशी शांतता होते, असा माझा समज होता.

आमच्या दोन वर्गांमधली भिंत पत्र्यापर्यंत गेलेली नव्हती. वरून हातभर मोकळी होती. त्यामुळं तोच धडा मॅडमनी सुरू केला तेव्हा मला सगळं ऐकू आलं. त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. विचारलं, "तुमच्या गावात एवढ्यात काय गुन्हा झाला?"

आधी कुजबुज झाली, मग गलका. कुणाचा बांध कोरला होता, कुणाच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेली होती, कुणी दुसऱ्याच्या उसात बैल सोडले होते. बावड्याची एक मुलगी होती, तोंडानं फटकळ. तिच्या घरची पाटाच्या पाण्याची पाळी होती आणि शेजाऱ्यानं पाटाचं दारं फोडून पाणी स्वतःच्या उसाला घेतलं होतं. मॅडम म्हणाल्या, इंग्रजीत सांग. तिला शब्द सापडेनात. मग अख्खा वर्ग तिला शब्द पुरवायला लागला. "ही ब्रेक! ही टेक अवर वॉटर!" शिक्षाही लगेच ठरायला लागली. जेल, दंड, एकानं तर हात तोडायला सांगितला. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नाऊ, हिज साइड."

माझा खडू फळ्यावर टेकलेला, तसाच राहिला. मग त्या मुलीचा आवाज आला, मघापेक्षा पुष्कळ खाली. "माय केन वॉज ड्राय. युवर केन वॉज ग्रीन."

माझ्या वर्गात इतक्या वर्षांत असं एक वाक्य कुणी बोललं असतं, तर मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले असते. त्या दिवशी घरी गेलो तो चिडचिड करतच. बायकोनं विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, भिंत नीट बांधायला पाहिजे.

त्यानंतर शनिवार आला की माझ्या पोटात दुखायचं. आपली मुलं चुळबुळ करतायत, कान वरच्या फटीकडं लावून बसलीत, हे दिसत असायचं. माझेही कान तिकडंच, ही त्याहून मोठी पंचाईत. मग मी स्टाफरूममध्ये बोलायला लागलो. उघड, त्यांच्यासमोरच. पोर्शन मागं आहे म्हणायचो. मुलं चुकीचं इंग्रजी बोलतात आणि मॅडम मध्येच दुरुस्त करत नाहीत म्हणायचो. यातलं काही खोटं नव्हतं. पोर्शन खरंच मागं होता. मॅडम ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "व्हय सर, मागं हाय." माणसानं भांडावं तरी! भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दिवाळी जवळ आली आणि प्रिन्सिपॉलनी मला केबिनमध्ये बोलावलं. शनिवारच्या एका खटल्यात बांध कोरणाऱ्याचं नाव निघालं होतं, आणि तो निघाला एक वजनदार पालक. त्याचा निरोप आला होता. प्रिन्सिपॉल निरोपाबद्दल फार बोलले नाहीत. पोर्शनबद्दल बोलले. "तुम्ही सीनिअर आहात. या शनिवारी त्यांच्या तासाला बसा. दिवाळीनंतर त्यांना ठेवायचं की नाही, ते सोमवारी मला सांगा. तुम्ही म्हणाल तसं."

आता बघा, जिच्यामुळं माझी झोप उडाली होती, तिची नोकरी कुणीतरी उचलून माझ्या हातात ठेवली होती. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही.

शनिवारी मी 'ब' तुकडीत शिरलो तेव्हा मुलांना सगळं कळलेलं होतं. कॉलेजात असल्या बातम्या शिपायाच्या आधी पोचतात. मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, "आज आरोपी कोन?" बावड्याची मुलगी उठली. "आरोपी मॅडम. आणि आरोप सर करणार." मी मॅडमकडं पाहिलं. त्यांनी डावीकडची खुर्ची रुमालानं पुसली आणि म्हणाल्या, "या सर."

इंग्रजीत बोलायची संधी मी कधी सोडत नाही. बसलो, आणि असा आरोप केला म्हणता! पोर्शन, परीक्षा, पालकांची अपेक्षा, व्याकरणाची हेळसांड. मुद्दे ओळीनं, वाक्य न वाक्य घडीव. मुलं आ वासून ऐकत होती. माझं इंग्रजी त्यांनी एवढं पहिल्यांदाच ऐकलं असावं. मी खूश होऊन उठायला लागलो, तर सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "नाऊ, हर साइड!"

"छे छे," मी म्हटलं, "मी निरीक्षणाला आलोय."

"नियम सगळ्यांना सारका, सर," मॅडम हळूच म्हणाल्या. "न्हायतर आरोप मागं घ्या."

इतका सुरेख आरोप मागं कसा घेणार? खुर्ची उजवीकडं गेली. मागोमाग मीही गेलो. काय बोललो ते मराठीत सांगतो.

"मी पोर्शनमध्ये मागं आहे, हे खरं आहे," मी मॅडम होऊन सुरुवात केली. मुलं खुदखुदली. "मुलं चुकली तर मी मध्ये बोलत नाही. कारण मध्ये बोललं की मूल गप्प होतं, आणि मग वर्षभर गप्पच राहतं. मला हे पलीकडच्या वर्गावरून कळलं." इथं मी थांबायला हवं होतं. पण थांबायचं नाही, हाही नियमच. "पलीकडच्या वर्गात एक सर आहेत. त्यांच्या नोट्स चांगल्या आहेत. त्यांना अजून कुठल्याच मुलानं सांगितलेलं नाही, की कुणाचा ऊस वाळला होता. शनिवारी ते भिंतीला कान लावून असतात. ते माझ्यावर जळतात. बाकी पोर्शनबिर्शन काही नाही."

एक मुलगा हसला आणि लगेच गप्प झाला. मॅडम फळा पुसायला वळल्या. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं, तरी पुसत राहिल्या. मी खाली बघत होतो. हे खरं की रचलेलं, असं कुणी विचारलं नाही.

मग शिक्षा ठरली. मॅडमनी रोज अर्धा तास आधी येऊन पोर्शन पुरा करायचा. आणि सरांना काय? आरोप करणाऱ्याला शिक्षा द्यायची पद्धत नव्हती, पण बावड्याची मुलगी म्हणाली, भिंतीतून ऐकणं ही चोरीच आहे. सरांनी मार्चपर्यंत दर शनिवारी इथं मागच्या बाकावर बसून ऐकावं. टाळ्या पडल्या. खरं सांगायचं तर मला इतक्या टाळ्या त्यापूर्वी कधी मिळालेल्या नव्हत्या.

सोमवारी प्रिन्सिपॉलना म्हटलं, त्यांना ठेवा. "आणि पोर्शन?" ते म्हणाले. म्हटलं, त्यांच्या तुकडीचं व्याकरण मी घेतो. ते फोनकडं वळले. वजनदार पालकाची समजूत त्यांनी कशी काढली, ते मला माहीत नाही.

त्या थंडीत मी शिक्षा भोगली. माझ्या तुकडीचा शनिवार मी दुपारच्या सत्रात नेला आणि सकाळी त्या बाकावर बसायला लागलो. बाक अकरावीच्या पोरांच्या मापाचा, माझे गुडघे मावायचे नाहीत, मग मी तिरका बसायचो. जळणं थांबलं असं समजू नका. उलट जवळून बघताना जास्त जळायचो. पण भिंतीपलीकडून जळण्यात जो कडवटपणा होता तो तिथं नव्हता. ऐकता ऐकता मी विसरून जायचो.

एकदा चहा पिताना विचारलं, हा नियम कुठल्या पुस्तकातला?

"पुस्तकातला न्हाय सर, घरातला," मॅडम म्हणाल्या. "माजे वडील, आबा, ल्हान असताना गावात कुनाची कोंबडी जरी गेली तरी आदी आमच्या आळीत शोधायला यायचे. पंच बसायचे, शिक्षा ठरायची. मग उठता उठता कुनीतरी आज्याला इचारायचं, तुझं काय म्हननं हाय? शिक्षा ठरल्यावर!" त्या हसल्या. "पुढं आबा शिकले, मास्तर झाले. आमी भावंडं भांडलो, की आबा म्हनायचे, तक्रार कुनाची हाय? मग आदी दुसऱ्याची बाजू तू सांग. निम्मी भांडनं तितंच मिटायची."

मी चहा संपवला. आमच्या घरी कुणी काही शोधायला कधी आलं नव्हतं. आमची बाजू काय, हे कुणाला विचारायची वेळच आली नव्हती, ती सगळ्यांना आधीपासून मान्य होती. मॅडमना जे येत होतं ते नोट्स काढून येण्यासारखं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. कळलं म्हणून काही बरं वाटलं नाही.

पुढच्या जूनला त्यांना इंदापूरकडच्या एका कॉलेजात कायम नोकरी मिळाली. निरोपाचं भाषण मी केलं, इंग्रजीत. शनिवारचा तास माझ्याकडं आला. मी खुर्ची डावीकडं ठेवायचो, उजवीकडं ठेवायचो. मुलं बोलायची, नाही असं नाही. आरोप झकास करायची. दुसऱ्या बाजूला गेली की माझ्या तोंडाकडं बघायची, सरांना काय ऐकायचंय याचा अंदाज घेत. मग मला हवं ते बोलायची. वर्ष संपायच्या आत मी तो तास बंद केला आणि व्याकरणाला दिला.

दशक सरता सरता तोंडी परीक्षेसाठी मला इंदापूरला जावं लागलं. काम लवकर आटोपलं, म्हणून मॅडमचं कॉलेज शोधत गेलो. शनिवार होता. व्हरांड्यातूनच आवाज ओळखू आला. खिडकीशी उभा राहिलो. केस पिकायला लागलेले, बाकी त्याच. एक मुलगी पोटतिडकीनं बोलत होती आणि मॅडम हाताची घडी घालून तिच्याकडं बघत होत्या, मध्ये न बोलता.

मागच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. माझ्याच वयाचे, टक्कल पडलेलं, खिशाला लाल पेन. गुडघे मावत नव्हते म्हणून तिरके बसले होते. त्यांनी काय आरोप केला असेल, तो मी शब्दन् शब्द सांगू शकलो असतो. मुलगी काहीतरी बोलली आणि ते सगळं विसरून हसले.

आत जाऊन मॅडमना भेटायचं म्हणून मी आलो होतो. दारापर्यंत गेलो, आणि तसाच एस.टी. स्टँडकडं वळलो. मॅडमवर मी वर्षानुवर्षं जळलो, पण त्या बाकावरच्या माणसाचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा मॅडमचाही कधी वाटला नव्हता.