कांबळेसाहेब आणि शेजारचं पेव

चहा आलाय असं सांगितलं, तरी कांबळेसाहेब आधी किटलीचं झाकण उचलून बघायचे. आमच्या हळदीच्या सोसायटीचे हिशेब तपासायला ते कोरेगावहून सांगलीला येत. कुणी काही सांगितलं की त्यांचा ठरलेला प्रश्न असे, "बगितलंस, का ऐकलंस?"

मी नांदेडकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत सोसायटीच्या पेवांची राखण करत होतो. पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. तोंड मातीनं बुजवलं की ओळख राहते ती फक्त वरच्या दगडाची.

एकदा साहेब तपासणीला आलेले असताना आमचं पेव उघडलं, तर निम्मं रिकामं. मॅनेजर म्हणाले, राखणदारानंच हळद काढली. मुकादम आणि क्लार्कही तेच म्हणाले. पोलिसांत द्यायची भाषा सुरू झाली. त्या मुलखात माझ्यासाठी शब्द टाकणारं कुणी नव्हतं.

साहेबांनी मुकादमाला विचारलं, "तू बगितलंस?"

"न्हाई जी. मॅनेजरसाहेब बोलले."

क्लार्कचंही तेच. साहेब हसले. "मंजी एकाच हिरीचं पाणी तीन घागरीत भरलंय."

मला धीर आला. म्हणालो, "साहेब, खुणेचा दगड हललाय. हे पेव आपलं नव्हेच. आपलं ते शेजारचं."

"हे तूच सांगणार की. तुझी तर मान अडकलीया. तुझं तरी खरं कसं धरू?"

मी शेजारच्या पेवाकडे बोट दाखवलं.

त्यांनी ते उघडायला लावलं. आतली कोंडलेली हवा जीव घेते, म्हणून तोंड दिवसभर उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी हमाल आत वाकून ओरडला, "हळद हाय, साहेब."

मी डोळे पुसले. साहेब मात्र म्हणाले, "वर हाय. खाली भुसा असला तर?" तळापर्यंत उपसून वजन करायला लावलं. वर येणारं एकेक पोतं मी मोजत होतो. वजन जमलं. तरी त्यांनी बागवानशेठना बोलावलं. या व्यापाऱ्याची पेवं आमच्या पेवांना लागूनच होती.

"आवं, ते निम्मं रिकामं पेव माझं," शेठ म्हणाले. "दिवाळीत मीच माल काढला न्हवं का."

तेव्हा कुठे साहेबांनी पेन उघडलं.

एस.टी. स्टँडवर मी त्यांच्या पाया पडलो. "साहेब, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात."

"न्हाई ठेवला, गड्या. ठेवायचाच असता, तर आदी मॅनेजरवर ठेवला असता."