खोडलेली ओळ

सरांनी लाल पेनानं माझं नाव खोडलं. माझ्यासमोर. पंख्याखाली खुर्ची दिली होती, चहा दिला होता. खुर्चीवर बसवूनही माणसाला खाली बसवता येतं.

माझी नात रश्मी अमरावतीला ह्या सरांच्या हाताखाली कायद्याचा प्रबंध लिहिते. विषय अकोल्याकडच्या आमच्या गावातलाच, आम्हा बौद्धांच्या स्मशानाची वाट. शेतमालकानं कुंपण घातलं, तेव्हा सासूचं प्रेत घेऊन आम्ही उन्हात ताटकळलो. पुढं दिरानं आम्हा सगळ्यांच्या नावानं दावा लावला, कोर्टात साक्ष मी दिली. वाट मिळाली.

प्रबंधाच्या शेवटी यादी असते. पुस्तकं, मग कोर्टाचे निकाल. आधी आडनाव, स्वल्पविराम, मग नाव. पुस्तकाचं नाव तिरपं. एकेका टिंबासाठी सरांनी पोरीला राजापेठेतल्या प्रिंटच्या दुकानात खेटे घालायला लावले. आडनाव आधी, हे मला नवं नाही. शाळेत गुरुजींनी आधी आडनावच विचारलं होतं. मग दाराजवळ बसवलं.

त्या यादीत रश्मीनं माझी ओळ घातली होती. आडनाव, नाव, मुलाखत.

"इथं छापील गोष्टी येतात," सर म्हणाले.

"सर, तिसरं प्रकरण सगळं आजीच्या बोलण्यावर आहे."

"असू दे ना. आत 'एक वृद्ध ग्रामीण महिला' लिही. छान वाटतं."

मी विचारलं, "निकालात तं मी हावो ना, सायेब? कुठी हावो?"

त्यांनी निकालाच्या ओळीवर बोट ठेवलं. आधी माझ्या दिराचं नाव, पुढं 'व इतर'.

"हे काय, आजीबाई. इतरांत तुम्ही." आणि हसले.

मी चौथी शिकले. तेवढं वाचता येतं. चहा तसाच ठेवला.

"मंग माह्यं बोलणंबी खोडा," मी म्हटलं. "नाव नाही ठेवत, तं बोलणं काहून ठेवता?"

सर हसायचे थांबले. रश्मी खाली बघत होती.

रस्त्यावर ती म्हणाली, "आजी, सरांनी सही नाही केली तं डिग्री अडकन माही."

"अडकन," मी म्हटलं. खोटं कशाला सांगू? मी थकले आहे. गुडघे जिना चढू देत नाहीत. पोरीचं नुकसान मला दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ओळ पुन्हा टाइप केली. आडनाव, स्वल्पविराम, नाव.

सोमवारी आम्ही दोघी जाणार. त्यांनी ओळ खोडली, तर तिसरं प्रकरण उचलून घरी आणायचं. 'इतर' म्हणून मी आता कुठंच राहणार नाही.