रेडिओचा मोतीबिंदू

गल्लीच्या तोंडाशी एका खुर्चीचं सलून होतं. ते चालवणाऱ्या गृहस्थाला सगळे रेडिओ म्हणत, आणि हे नाव त्याने मेहनतीने कमावलं होतं. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की हा सुरू व्हायचा, तो पावडर लावून टॉवेल झटकेपर्यंत थांबायचा नाही. ज्यांना बडबड सोसत नसे तेही त्याच्याकडेच येत, कारण हात विलक्षण हलका. दाढी करावी तर रेडिओनेच, असं लोक म्हणत. तो स्वतःही म्हणे, आणि जरा जास्तच वेळा म्हणे.

मग साधारण वर्षभरापूर्वी त्याला दिव्यांचा राग यायला लागला. नवे बल्ब उजेडच देत नाहीत, कंपन्या लुटतात, असं त्याचं मत झालं. बल्ब बदलले. मग आरसा जुना झाला म्हणून तोही बदलला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! लोक हळूहळू म्हणायला लागले, "आज फक्त कटिंग." काहींनी तर वाटच बदलली आणि चौकातलं नवं सलून गाठलं. रेडिओने त्याचंही कारण शोधून ठेवलं होतं. हल्ली दाढी वाढवायची फॅशन आहे म्हणे.

दाढीला नेमाने येणारा एकच उरला, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. तो बसवर ड्रायव्हर होता, निवृत्त होऊनही नाव ड्रायव्हरच राहिलं. एक दिवसाआड सकाळी यायचा, खुर्चीत बसायचा, मान मागे टाकायचा. रेडिओची सगळी इभ्रत आता त्या एका मानेवर टिकून होती.

एका दुपारी रेडिओची बायको डबा घेऊन आली, तेव्हा हा भाववाढीवर तावातावाने बोलत होता. ऐकायला समोर खुंटीला टांगलेला त्याचा स्वतःचाच कोट होता.

"कोणाशी बोलताय?"

"हे काय, बसलेत ना गिऱ्हाईक."

ती हसली नाही. डबा ठेवला, दुकानाला कुलूप घातलं आणि त्याला थेट डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी डोळे तपासले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू चांगलाच वाढला होता, डाव्यात नुकती सुरुवात होती. "अजून पिकू दे की," रेडिओ म्हणाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, तो आंबा नाही. पिकायची वाट पाहिली तर काढायला अवघड जातो. डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढायचं आणि त्या जागी नवं बसवायचं. लांबचं स्वच्छ दिसेल, जवळच्या कामाला चष्मा लागेल."

"वस्तरा धरता येईल का, एवढंच सांगा."

"डोळ्याचा पडदा चांगला आहे. यायला हवा. पण खात्री आधीच कोणी देत नसतं."

त्या 'यायला हवा'ने त्याची झोप उडवली. वस्तरा सुटला तर आपण नुसतेच बडबडे म्हातारे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

रक्तदाब, साखर तपासून झाली, भिंगाचा नंबर ठरवायला डोळ्याचं माप घेतलं. ऑपरेशनच्या दिवशी बाहुली मोठी करायचे थेंब घातले, मग डोळा बधिर करायचे. तोंडावर कापड आलं, त्याला डोळ्यापुरतं भोक. सगळं जागेपणीच. "हलायचं नाही काका, आणि बोलायचंही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. जन्मभर दुसऱ्यांना ऐकवलेलं वाक्य आज त्याच्याच वाट्याला आलं. दुखलं मुळीच नाही. झगझगीत उजेड दिसला, त्यात रंग हलले, गार पाणी ओघळल्यासारखं वाटलं, थोडा दाब आला, कुठेतरी यंत्र गुणगुणत होतं. सांगण्यासारखं इतकं घडत होतं आणि तोंड उघडायची चोरी! त्याला विचाराल तर ऑपरेशनमध्ये त्रास झाला तो एवढाच. अर्ध्या तासाच्या आत तो बाहेर बसून चहा पीत होता.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आधी धुरकट दिसलं, डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपत होतं. एकदोन दिवसांत ते निवळलं आणि उजव्या डोळ्याला पांढरा रंग पांढरा दिसायला लागला. डाव्याला तोच पांढरा चहात बुडवून काढल्यासारखा. मग हा दिवसभर एकेक डोळा मिटून घरातल्या भिंती तपासत बसला, आणि बायकोला सांगत राहिला की रंग काढायला हवा. "आधी डोळा सांभाळा, भिंती पळून जात नाहीत," ती म्हणाली.

पहारा तिचाच होता. थेंब वेळच्या वेळी, तेही हात धुऊन. डोळा चोळायचा नाही, वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, झोपताना डोळ्यावर प्लास्टिकची वाटी. डोळा दुखला, लाल झाला किंवा एकदम कमी दिसलं तर तडक दवाखाना. डोळ्यात पाणी जाऊ नये म्हणून ती त्याची मान मागे टाकून केस धुवायची, आणि हा पडल्या पडल्या तिला बोटं कशी फिरवायची ते शिकवायचा. एकदा तिने तांब्या खाली ठेवला आणि सांगितलं, "आता गप्प बसता की जाऊ?" रेडिओ गप्प बसला. गल्लीत कोणाचा विश्वास बसला नसता.

ड्रायव्हर रोज संध्याकाळी येऊन बसायचा. त्याची दाढी छातीकडे निघाली होती, पण चौकातल्या सलूनची पायरी त्याने चढली नाही.

महिन्या-दीड महिन्याने चष्म्याचा नंबर मिळाला आणि डॉक्टरबाईंनी कामाला परवानगी दिली. पहिलं गिऱ्हाईक अर्थातच ड्रायव्हर. रेडिओने चष्मा चढवला, आधी मशीन फिरवून दाढी उतरवली आणि फेस लावायला ब्रश उचलला. तो तसाच हातात राहिला. जबड्याखाली बारीक पांढऱ्या रेषा होत्या. एक कानाच्या पाळीजवळ, दोन गळ्यावर, हनुवटीखाली तर जाळंच.

"हे कशाने झालं?"

"म्हातारपणाने."

"खरं सांग."

"तुझ्याच कृपेने. आता लाव फेस."

रेडिओने ब्रश ठेवून दिला. "माझ्याने व्हायचं नाही. तू चौकात जा."

"वर्षभर आंधळ्याच्या हातात मान दिली," ड्रायव्हर भडकला, "आणि आता दिसायला लागलं तर चौकात जा म्हणतोस?"

"एका शब्दाने बोलला का नाहीस, लेका?"

"बोललो असतो तर त्याच दिवशी कुलूप लावलं असतंस. मग सकाळचा मी कुठे जाऊन बसलो असतो? घरी मला विचारतंय कोण?"

रेडिओला शरम वाटली, भरूनही आलं. आपल्या हाताची टिमकी वाजवत आपण या माणसाचा गळा सोलत होतो, आणि हा हसून ऐकत होता. त्याने फेस लावला. नवं पातं घातलं. वस्तरा गालाशी नेला आणि त्याची नजर खाली गेली.

कापडाच्या कडेतून ड्रायव्हरची बोटं दिसत होती. दोन्ही हातांनी त्याने खुर्ची आवळून धरली होती, पेरं पांढरी पडली होती.

"हे असं दर वेळी धरायचास?"

"सवय झालीय," ड्रायव्हर डोळे मिटून म्हणाला.

"सोड. आता दिसतंय मला."

ड्रायव्हरने एक हात सोडला. दुसरा सुटायला जरा वेळ लागला, आणि तोवर रेडिओ वस्तरा बाजूला धरून उभा राहिला.