सेनापतींची सावलीतली फुलं

एकतीस वर्षं रंगभूमीवर काढूनही सेनापतींना राजा कधी होता आलं नाही. ते यायचे, 'शत्रू वेशीपाशी आला' एवढं सांगायचे आणि पुढच्या अंकात मरायचे. मरायचे मात्र इतके सावकाश, की राजाचं भाषण खोळंबायचं. नाटक कंपनीतल्या लोकांनी तेव्हा ठेवलेलं 'सेनापती' हे नाव निवृत्तीनंतरही सुटलं नाही.

त्याच कंपनीत त्यांच्या बायकोने कपडे शिवले. आता खुब्याचं हाड मोडून ती खिडकीपाशी पडून होती. खिडकीतून दिसायचं ते दोन उंच इमारतींमध्ये दबलेलं वीतभर अंगण आणि एक भिंत.

"ताई, महिन्याभरात गाडीत बसता येईल तुला. मी न्यायला येते, तीन महिने राहा माझ्याकडे," तिची धाकटी बहीण म्हणाली. "माझ्याकडे निदान बाग तरी दिसेल. इथे काय, भिंत आणि भावोजी."

बायको म्हणाली, "बघू." ती नाही म्हणाली नाही, हे सेनापतींच्या जिव्हारी लागलं. तिच्याशिवाय तीन महिने या घरात काढायची कल्पनाही त्यांना सोसवेना. मी इथेच बाग फुलवतो, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

नटाला उजेड डोळ्यांनी शोधावा लागत नाही. गाल तापला की जागा बरोबर. अकराच्या सुमाराला सेनापती डोळे मिटून अंगणात फिरले. भिंतीपाशी गाल तापला. तिथे त्यांनी सहा गुलाब लावले आणि झेंडूची रांग धरली.

पंधरा दिवसांत गुलाबांची पानं पिवळी पडली, झेंडू नुसता उंच वाढून आडवा झाला. मग उलगडा झाला. ते ऊन समोरच्या बिऱ्हाडाच्या खिडकीच्या काचेवरून आलेलं होतं. उकाड्यामुळे त्या बिऱ्हाडाने खिडकी उघडी ठेवायला सुरुवात केली आणि ऊन बंद झालं.

"जन्मभर दुसऱ्यावर पडलेल्या उजेडात उभा राहिलो," सेनापती स्वतःशीच म्हणाले, "म्हातारपणी गुलाबांनाही तेच शिकवलं."

ते रोपवाटिकेत गेले. तिथल्या बाई हातातली माती झटकत म्हणाल्या, "ऊन किती तास येतं?"

"तसं प्रसन्न अंगण आहे."

"काका, तास सांगा."

"एकही नाही," सेनापतींनी कबूल केलं. इतकं छोटं वाक्य त्यांनी रंगमंचावरही कधी म्हटलं नव्हतं.

बाईंनी बिगोनिया दाखवला, पीस लिली दाखवली, तेरड्याच्या जातीतलं इम्पेशन्स दाखवलं. "ही सावलीत खूश असतात. पाणी बेताने घाला, सावलीत माती लवकर सुकत नाही. रंग कोणता देऊ?"

हात लालभडक बिगोनियाकडे गेलाच होता. पण गुलाबांची आठवण ताजी होती. त्यांनी घरी फोन लावला.

"पांढरा घ्या, फार तर फिका गुलाबी," बायको म्हणाली. "कमी उजेडात लाल काळा पडतो. लढाईच्या प्रवेशात तुमचा लाल अंगरखा दिसायचाच नाही. मागच्या रांगेला वाटायचं, नुसता टोप चालत येतोय."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

तीस वर्षं सेनापती प्रकाशयोजनाकाराला दोष देत आले होते. त्यांनी निमूटपणे पांढरी रोपं उचलली.

मेहुणी ठरल्या दिवशी आली. सेनापतींनी तिच्यासाठी पल्लेदार भाषण पाठ केलं होतं, त्यात दोनदा आवंढा गिळायची जागाही ठरवली होती. पण ती खिडकीशी जाऊन थबकली. अंधाऱ्या अंगणात पांढरी फुलं दिव्यांसारखी दिसत होती. सेनापतींनी घसा साफ केला.

"अहो, तुम्ही थांबा," बायको म्हणाली आणि बहिणीकडे वळली. "तू चहा घे आणि जा बाई. माझं इथे काम अडलंय. ह्यांनी सगळ्या कुंड्या एकाच कोपऱ्यात कोंबल्यात, आणि मी उठून गेले की गुलाब परत आणतील."

भाषण राहिलं ते राहिलंच. सेनापती लगबगीने अंगणात गेले आणि त्यांनी कुंडी उचलली.

"डावीकडे," खिडकीतून आवाज आला. "तुमची नव्हे हो, माझी डावी."