हार घातलेला फोटो

मुरगूडच्या स्टँडवर मला सोडायला आलेले आबा माझ्याकडं बघतच नव्हते. माझे वडील रागावले की समोरच्याला सोडून भलतीकडंच बघतात. मुंबईच्या गाडीच्या पाटीकडं बघत म्हणाले, "टीव्हीत दिसलीस की घरला ये. तवर गावाला सांगतो, पोरगी पुण्याला शिकाय हाय." आई म्हणाली, "आवो, सणावाराला तरी येऊ दे की." आबांनी माझी पिशवी गाडीत चढवली. मलाही चीड आली. म्हटलं, दाखवतेच आता.

आणि दाखवलं की! ठाण्यात घोडबंदर रोडला चौघींत एक खोली, ऑडिशनच्या रांगा, पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभी राहणारी मोलकरीण, असं करत करत एका मालिकेत धाकटी सून झाले. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत त्यांना वेगळं सांगायला नको. डेअरीत दूध घालायला गेल्यावर आबांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं म्हणे. त्या दिवाळीला घरी गेले तर अख्खी गल्ली सेल्फीला. आबा मला जोतिबाला घेऊन गेले. तिथं गुलालात माखून हसतानाचा माझा फोटो आईनं काढला. इतकी सुखी मी परत कधी झाले नाही.

मग धाकट्या सुनेची गाडी दरीत पडली. आमच्या धंद्यात नुसतं मरण आलं तर कुणी घाबरत नाही. प्रेत सापडलं नाही म्हटलं की वर्षानं माणूस परत आणता येतो, त्या आशेवर आम्ही जगतो. पण भिंतीवरच्या फोटोला हार चढला की कारभार आटोपला. मालिकेची गोष्ट ठरवणाऱ्या क्रिएटिव्हच्या मुलीला मी हात जोडले, "नुसता फोटो लावा, हार नको." ती म्हणाली, "ताई, चॅनलचं ठरलंय. तुमचा एखादा घरगुती हसरा फोटो पाठवा ना." माझे सगळे फोटो मेकअपचे. आईकडं मागितला, तर तिनं जोतिबाचाच पाठवला आणि विचारलं, "मोठ्ठा करून लावणार व्हय?" मी व्हय म्हटलं. हाराचं तेवढं सांगितलं नाही.

कपाळावरचा गुलाल त्यांनी कॉम्प्युटरवर पुसून घेतला आणि चंदनाचा हार घातला. तो भाग लागला त्या दिवशी गावाकडं घरात चूल पेटली नाही. आईनं टीव्हीवर टॉवेल टाकला आणि फोनवर रडत म्हणाली, "मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणत्यात. वाढू दे बाई तुझं." आबा दोन दिवसांनी बोलले. "दुसरी मालिका घेतलीस म्हणून ही सोडलीस, असं सांगितलंय डेअरीत. ती लागल्याबिगर येऊ नगंस. माझी नाचक्की करू नगंस."

ती काही लागेना. ऑडिशनला गेलं की म्हणतात, "तुम्ही त्या वारलेल्या ना? मग आमच्यात कशा चालणार?" आता सोसायट्यांच्या हळदीकुंकवात माइक धरून बायकांचे खेळ घेते. उखाणे घ्यायला लावते, पैठणी वाटते, सगळ्यांना हसवते आणि खोलीवर येऊन भाताचा कुकर लावून नुसती बसते. रडूसुद्धा येत नाही. वाटतं, आबांनी एकदा शिव्या घालून तरी घरला बोलवावं. गावात राहिलेल्यांना वाटतं, आम्ही घर सोडून आलो. खरं सांगते, एखादीला घरच आत घेत नाही.

आईनं मात्र तो टॉवेल कधीच काढला होता. मालिका रोज बघायची, फोटोसाठी. दिवाणखान्यात कुणी भांडायला लागलं की मागं मी दिसायचे. "आज लई येळ दिसलीस," असं फोनवर सांगायची. मी ऐकून घ्यायचे.

गेल्या आठवड्यात मालिकेत माझ्या नवऱ्याचं दुसरं लग्न झालं. घराला नवा रंग दिला आणि फोटो उतरवला. आईचा फोन आला.

"आज भिंतीवर न्हाईस तू," ती म्हणाली. "मेलेली का असंना, रोज दिसत हुतीस बाई."

माझा धीर सुटला. म्हटलं, "आई, मी येते. उद्याच निघते. समोर बसवून बघ की मला."

तिच्यामागं टीव्ही चालू होता. आबा खाकरले. मग दबक्या आवाजात आईनं विचारलं, "नवी मालिका कधी लागणार गं तुझी?"

लागंल म्हटलं, आणि फोन मीच आधी ठेवला.